गाडीवर बसण्याचं पण काहीतरी छापा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पाडवा आला किंवा दसरा आला की तुमच्या पेपरात गाड्यांच्या जाहिराती पानं भरभरून येतात, सोबत एखादा लेख पण असतो की यंदा बाजारात कोणत्या नवीन बाईक आल्या, सीसी किती, मायलेज किती, डिस्क एक की दोन, ब्लूटूथ आहे का, ऑनरोड किती पडते. मी ते सगळं अथपासून इतिपर्यंत वाचतो कारण माझी रोजीरोटीच गाडीवर आहे, मी औषध कंपनीचा एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा, एचक्यू म्हणजे मुख्य ठिकाण नागपूर, म्हणजे धंतोली रामदासपेठचे दवाखाने झाले की उरलेल्या दिवशी उमरेड, काटोल, वर्धा, हिंगणघाट अशी एक्स-स्टेशनं, म्हणजे बाहेरगावं, पावसात पण आणि ४५ डिग्रीच्या उन्हात पण. पण त्या लेखात एक गोष्ट मला आजपर्यंत सापडली नाही, ती म्हणजे त्या गाडीवर माणूस बसतो कसा. हात कुठे जातात, पाय कुठे येतात, पाठ सरळ राहते की वाकते, एक तास झाल्यावर काय दुखतं. आणि खरं सांगतो, गाडी घेतल्यावर पाच-सात वर्षं रोज जे भोगायचं असतं ते हेच असतं, मायलेजमधला पाच किलोमीटरचा फरक नाही.

गाडीवर आपण तीनच जागी टेकलेलो असतो, सीट, हँडल आणि फुटरेस्ट. ह्या तीन जागांमधलं अंतर आणि कोन म्हणजे त्या गाडीची बैठक, बाकी सगळं त्यावरून ठरतं. स्प्लेंडरवर (१९९४ पासून चालू आहे, उगीच नाही) हँडल वर आणि जवळ, फुटरेस्ट जवळपास कमरेच्या खाली, म्हणून माणूस खुर्चीवर बसल्यासारखा सरळ बसतो. यामाहाची आर१५ किंवा केटीएमची आरसी घ्या, हँडल खाली आणि पुढे, फुटरेस्ट वर आणि मागे, माणूस टाकीवर वाकतो. अव्हेंजरवर पाय पार समोर जातात, हँडल मागे आपल्याकडे येतं, माणूस टेकून बसतो. सगळे म्हणतात ही कम्फर्टवाली आणि ही स्पोर्टी, पण असं सरळसोट काही नसतं, कोणत्या रस्त्यावर, किती स्पीडला आणि किती वेळ हे विचारल्याशिवाय कम्फर्टला काही अर्थ नाही.

बैठकीने किती फरक पडतो ते बघायचं असेल तर दोन जोड्या सांगतो. रॉयल एनफिल्डने २०१८ मध्ये इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी ह्या दोन ६५० काढल्या, इंजिन एकच, ६४८ सीसीचं, गिअरबॉक्स एकच, पण एकीचं हँडल रुंद आणि उंच, दुसरीचे क्लिपऑन, म्हणजे दोन तुकड्यांचं आखूड हँडल, खाली आणि फुटरेस्ट मागे सरकवलेले. दोन्ही चालवा, कोणी सांगितलं नाही तर वाटेल दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत. तसंच यामाहाचं, आर१५ चं १५५ सीसीचं इंजिन एमटी१५ ला आहे, फ्रेम पण त्याच जातीची, पण एमटीवर हँडल वर आलं आणि पोट्टा सरळ बसला की तीच गाडी सीताबर्डीच्या गर्दीत एकदम सोपी होऊन जाते. म्हणजे इंजिन बदललं नाही, फक्त माणूस कसा बसला ते बदललं आणि गाडीचा स्वभाव बदलला. आता असा फरक असलेली गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीची पण धनी नाही, हे बरोबर नाही ना साहेब.

आता वाकून बसण्याचं बघू कारण कॉलेजच्या पोट्ट्यांचा सगळा जीव त्यातच अडकलेला असतो. वाकलेली बैठक वाईट नाहीये, ती स्पीडसाठी आहे. हवेचा जोर स्पीडच्या वर्गात वाढतो, म्हणजे ४० चे ८० केले की हवा दुप्पट नाही चौपट दाबते, त्यामुळे सरळ बसणारा माणूस हायवेवर छातीवर हवा झेलत हँडलला लटकून राहतो, त्याचे खांदे दुखतात मान दुखते, आणि वाकलेल्या माणसाला मात्र तीच हवा छातीखालून आधार देते, हाताचं वजन उचलून घेते. वजन पुढे गेल्यामुळे पुढच्या चाकावर भार येतो, वळणात पुढचं टायर काय करून राहिलं ते हाताला कळतं. हे सगळं खरं. पण नागपुरात तो स्पीड आहे कुठे? पंचशील चौक, व्हेरायटी चौक, झाशी राणी चौक, दर दोन मिनिटाला सिग्नल, गाडी ३० च्या वर जात नाही, म्हणजे हवेचा आधार शून्य आणि अर्ध्या शरीराचं वजन दोन मनगटांवर. मग घरी आल्यावर तळहात सुन्न, करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट झिणझिणतं, कारण तळव्याच्या बाहेरच्या बाजूने जी नस जाते ती हँडलवर दाबली जाते आणि वरून इंजिनचं व्हायब्रेशन. मान पण वर उचलून धरावी लागते, हेल्मेटचं वजन दीड किलोच्या आसपास असतं, ते दिवसभर तिरप्या मानेवर पेलायचं म्हणजे बघा. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढलं की ३.१४ किलोमीटर जरा हवा मिळते आणि तेवढंच बरं वाटतं, उतरला की पुन्हा तेच.

ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने ती विकावी असं मी म्हणत नाही. वजन हातावर टाकायचं नाही, पोटावर आणि मांड्यांवर टाकायचं, म्हणजे टाकी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरायची आणि कमरेतून वाकायचं, पाठीतून कुबड काढून नाही. हात सैल, कोपर थोडे वाकलेले. ओळखायचं कसं तर चालत्या गाडीवर कोपर वरखाली हलवून बघायचे, सहज हलले तर हातावर वजन नाही, आणि कोपर लॉक झाले असतील तर सगळा भार मनगटावर आहे. जोरात ब्रेक मारला तर हे लगेच कळतं, गुडघ्याने टाकी धरली नसेल तर अख्खं शरीर पुढे घसरतं आणि हात ताठ होतात, नेमक्या त्याच वेळी जेव्हा हँडल मोकळं पाहिजे. उन्हाळ्यात मात्र ही टाकी धरायची म्हणजे जीवावर येतं, दुपारी दवाखान्यासमोर दोन तास उन्हात उभी केलेली गाडी, त्या पत्र्याला मांडी लागली की चटका, म्हणून मग लोक पाय फाकवून चालवतात. टाकीवर एक जाडसं कव्हर टाका, शंभर-दोनशेत येतं, पण गुडघे आत ठेवा.

उलट टोकाला क्रूझर. सीट खाली, अव्हेंजरची ७३७ मिलिमीटर, पाय समोर पसरलेले, बुटीबोरीच्या पुढे जाम गावापर्यंत ४४ नंबरच्या हायवेवर अशी मजा येते की विचारू नका, पहिला तास. मग माकडहाड बोलायला लागतं. कारण असं आहे की पाय समोर गेले की पायावर वजन टाकताच येत नाही, सगळं वजन बुडावर, आणि खड्डा आला की उठता येत नाही, धक्का सरळ मणक्यात. आणि आपल्या नागपुरात तर सिमेंट रोड आहेत. बाहेरच्या लोकांना वाटतं वा काय रस्ते आहेत, गुळगुळीत, पण रोज चालवणाऱ्याला विचारा, दोन स्लॅबच्या मध्ये जो सांधा असतो तो कुठे वर कुठे खाली, दर काही फुटांवर धप् धप् धप्, आणि रस्त्याच्या कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक) संपतात तिथे वेगळीच पायरी. त्या सांध्यांनी पाठ जाते. साध्या बैठकीच्या गाडीवर, जिथे फुटरेस्ट कमरेखाली असतात, तिथे तुम्ही सांधा यायच्या आधी दोन इंच उचलून घेऊ शकता, वजन पायांवर, गुडघे सैल, धक्का गुडघ्यात जिरून जातो. हिमालयन किंवा एक्सपल्ससारख्या कच्च्या रस्त्याच्या गाड्यांवर लोक तर उभेच राहतात. त्यावर एक गैरसमज फार ऐकू येतो की उभं राहिल्याने वजन फुटरेस्टवर जातं म्हणून गुरुत्वमध्य खाली येतो. काही खाली येत नाही हो, माणूस उभा राहिला म्हणजे शरीर वरच गेलं. फायदा दुसरा आहे, गाडी खाली हलते आणि तुम्ही वर तसेच राहता, दोघं एकमेकांना बांधलेले राहत नाहीत, म्हणून खड्ड्यात गाडी तुम्हाला फेकत नाही.

हँडलिंग म्हणजे गाडी ऐकते की नाही ऐकते. सायकल असो की बाईक, चालत्या गाडीला डावीकडे वळवायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलावं लागतं, म्हणजे क्षणभर चाक उजवीकडे जातं, गाडी डावीकडे झुकते आणि मग वळते. कोणाला सांगितलं तर हसतात, पण सगळे नकळत हेच करतात, विमानवाल्या राईट बंधूंपैकी विल्बरने पण सायकलवाल्यांबद्दल हेच हेरलं होतं, त्यांचं सायकलचंच दुकान होतं ना. आता हे ढकलणं किती सोपं जातं ते बैठकीवर आहे. हँडल रुंद असेल तर तरफ मोठी, बोटाच्या जोराने गाडी झुकते, म्हणून गल्लीबोळात, महाल इतवारीत, रुंद हँडलची उंच बसायची गाडी सोपी जाते, पण तेच हँडल हायवेवर ट्रकच्या बाजूने जाताना हवेच्या झोतात तुमचे हात पण हलवतं आणि हात हलले की गाडी हलते. अरुंद क्लिपऑनवर जोर जास्त लागतो पण ८० च्या पुढे गाडी शांत राहते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मूठ. खूप लोक हँडल असं आवळून धरतात की जसं सोडलं तर पळून जाईल. पुढचं चाक सांध्यावरून गेलं की थोडं हलतं आणि आपोआप सरळ होतं, गाडीची बनावटच तशी असते, पण तुम्ही ताठ हातांनी धरून ठेवलं तर ते सरळ होत नाही, उलट तुमच्या शरीराचं हलणं हँडलमध्ये जातं आणि लोक म्हणतात गाडी डोलते, वॉबल करते, चाकं बॅलन्स करून आणतात, बेरिंग बदलतात. बेरिंग पण खराब असू शकतं, नाही असं नाही, पण आधी मूठ सैल करून बघा, फुकट आहे.

मोबाईल खांद्यात आणि कानात दाबून चालवणारे तर काय बोलावं. मान एका बाजूला, कंबर दुसऱ्या बाजूला, एक कोपर आत एक बाहेर, आणि गाडी हळूहळू डिव्हायडरकडे सरकत जाते, त्याला वाटतं रस्त्याला उतार आहे. तसंच पाठीवरच्या बॅगचं. डिलिव्हरीवाले पोट्टे तो मोठा चौकोनी डबा पाठीवर घेऊन दहा-दहा तास फिरतात, पट्टे लांब सोडलेले, सगळं वजन खांद्याला मागे ओढतं आणि तो बिचारा हँडल धरून स्वतःला पुढे ओढतो. पट्टे कसून तो डबा मागच्या सीटवर टेकवला तर खांदे सुटतात. आम्हा एमआर लोकांची बॅग एका खांद्यावर असते त्याचं तर वेगळंच, सँपल, व्हिज्युअल एड, टॅब सगळं एका बाजूला. मी ती मागच्या सीटला बंजीने बांधतो, टाय हवेत उडू नये म्हणून शर्टात घालतो, दवाखान्याच्या पायऱ्यांवर पुन्हा माणसासारखा होतो.

डबलसीटचं सांगायचं राहिलं. मागे माणूस बसला की वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं हलकं होतं, हँडल हलकं लागतं, ब्रेक मारल्यावर मागचा माणूस पुढच्यावर येऊन पडतो आणि रात्री हेडलाईट वर आकाशात, समोरच्याच्या डोळ्यात. यासाठीच मागच्या शॉकअपला खालून खाचांची रिंग असते, स्प्लेंडरला पण पाच स्टेप आहेत, दोन माणसं रोज बसत असतील तर ती एक-दोन खाच वर करायची. किती लोकांनी आयुष्यात एकदा तरी ती रिंग फिरवली असेल? मिस्त्री सांगतात ती इतकी गंजलेली असते की पान्याला हातोडी मारावी लागते. आणि साडी नेसून एका बाजूला बसलेल्या काकू, हातात इतवारीतून भरलेली पिशवी, ती पण त्याच बाजूला. दोघांचं मिळून वजन टायरच्या रेषेवर असावं लागतं, नाहीतर गाडी पडेल, म्हणजे काकू डावीकडे बसल्या तर गाडी न कळत जरा उजवीकडे झुकून चालवावी लागते आणि डावं वळण आणि उजवं वळण दोन्ही वेगळी लागतात, चालवणाऱ्याला वाटतं आज गाडीला काय झालं. साडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसा असं मी म्हणून कोणी ऐकणार नाही, पण निदान चालवणाऱ्याच्या जवळ सरकून बसावं, पिशवी मधे घ्यावी, पाय फुटरेस्टवर ठेवावा. मागच्याला धरायला हँडग्रिप, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून अर्धं चाक झाकणारा गार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या १२३ नंबरच्या नियमात लिहिलेलं आहे, आणि पोट्टे गाडी घरी आणल्याबरोबर पहिले तोच साडी गार्ड काढून फेकतात कारण लुक खराब होतो म्हणे. ट्रिपलसीटवर तर लिहायलाच नको, चालवणारा टाकीवर चढलेला, हात पोटाला टेकलेले, हँडल पूर्ण वळतच नाही.

आता ज्यासाठी मुख्य पत्र लिहायला घेतलं ते. ह्यातलं बरंचसं फुकटात दुरुस्त होतं आणि ते कोणाला माहीत नाही. मेडिकल चौकाच्या मागे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे मी ऑइल बदलायला बसलो होतो तेव्हा एक पोट्टा पल्सर घेऊन आला, क्लच लय जड झाला म्हणून राहिला होता, केबल बदला म्हणे. मिस्त्रींनी केबलला हातच लावला नाही. त्याला म्हणाले, "डोळे बंद कर अन् गाडीवर तू नेहमी जसा बसतोस तसा बस बे." तो बसला. मग म्हणाले बोटं सरळ कर. त्याची बोटं लिव्हरच्या खाली हवेत होती, लिव्हर पार वर उचललेला, म्हणजे दर वेळी क्लच दाबायला तो मनगट वर मोडत होता आणि मोडलेल्या मनगटात जोर राहत नाही. मिस्त्रींनी पाना लावून लिव्हरचा क्लॅम्प सैल केला, लिव्हर खाली फिरवला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक सरळ रेष येईपर्यंत, कसला. ब्रेकचा पण तसाच. मग पायाकडे बघितलं, त्याचा बूट मोठा, गिअर पाडायला त्याला अख्खा पाय उचलावा लागत होता, तर गिअरच्या लिव्हरचा बोल्ट काढून तो लिव्हर शाफ्टच्या दात्यांवर एक दात वर बसवला. मागच्या ब्रेकच्या पेडलची उंची पण सेट होते, तो वर असेल तर पाय नेहमी टेकलेला राहतो, ब्रेक लाईट दिवसभर जळते आणि लायनर घासले जातात. पोट्टा चक्कर मारून आला तर म्हणे काका क्लच हलका झाला. पैसे किती, तर चहा सांग म्हणाले. दहा मिनिटांचं काम. शोरूममध्ये गाडी देताना हे कोणी केलं असतं तर त्याचे सहा महिने मनगट दुखलं नसतं, पण शोरूममध्ये काय होतं, गाडीला पोळ्याच्या बैलासारखा हार घालतात, फोटो काढतात, पेढे देतात आणि हातात किल्ली.

उलटं पण सांगतो, सगळंच घरी बसून बदलायच्या नादी लागू नका. हँडल उंच करायचं फॅड आहे, रायझर म्हणजे हँडलखाली उंची वाढवणारे तुकडे टाकतात, दुसऱ्या गाडीचं हँडल टाकतात, पण क्लचची, अॅक्सिलेटरची केबल आणि डिस्कचा पाईप कंपनीच्या मापाचाच राहतो, मग हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की केबल ताणली जाते आणि गाडी आपोआप रेस होते. गाडी स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, आवाज वाढला तर ते हँडल काढून टाका. सीटचं पण तसंच, मऊ मऊ गद्दी टाकून घेतात, बसल्यावर पहिली दहा मिनिटं स्वर्ग, मग माकडहाड फोमच्या तळाला टेकतं, त्यापेक्षा जरा कडक आणि रुंद सीट लांबच्या प्रवासाला बरी. पुढे उतार असलेली सीट असेल तर माणूस घसरून घसरून टाकीला जातो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, म्हणजे पुन्हा मनगटंच.

आणि उंची. माझी लहान बहीण बँकेत आहे, उंचीने बेताची, तिला रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यायची होती. एका शोरूममध्ये पोराने ती बसायच्या आधीच सांगून टाकलं, मॅडम तुम्हाला नाही जमणार, स्कूटी दाखवू का. कॅटलॉगमध्ये सीटची उंची लिहिलेली असते, क्लासिकची ८०५ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५, आर१५ ची ८१५, एक्सपल्सची ८२५ च्या आसपास, पण त्या आकड्यावर जाऊन उपयोग नाही कारण सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय कमी पोचतात, पुढून निमुळती असेल तर उंच गाडीवर पण पाय टेकतो, आणि आपण बसलो की शॉकअप किती खाली जातो ते वेगळंच. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असं कुठे आहे, सिग्नलला एक पाय पूर्ण टेकला आणि दुसरा ब्रेकवर राहिला की झालं. अडचण उभं राहण्याची कमी आणि गाडी मागे ढकलण्याची, १९५ किलोची आहे ती, पार्किंगमधून काढताना, ते तिने बाजूला उतरून, कंबर सीटला टेकवून ढकलायचं शिकून घेतलं. आज ती रोज मानेवाड्यावरून सिव्हिल लाईन्सला जाते. सीट कापून खाली करायचा सल्ला पण तिला मिळाला होता, पण सीट खाली केली की फुटरेस्ट तिथेच राहतात, गुडघे जास्त मुडपतात आणि मग गुडघे दुखतात. तीन टोकांपैकी एक हलवलं की बाकीच्या दोघांचं गणित बदलतं.

लायसन्सच्या वेळी पण हे कोणी बघत नाही, नागपूरचं कोणतंही आरटीओ घ्या, एमएच ३१ असो, ४० असो की ४९, आठ काढून दाखवा, पाय टेकू नका, झालं. बरं ते पण बरोबरच आहे, आठ काढायला क्लच आणि नजर लागते, वळताना चाकाकडे नाही तर जिथे जायचं तिकडे बघावं लागतं. पण पोट्टा पायाची टाच फुटरेस्टवर टेकवून, चवडे बाहेर काढून बसला आहे की चवड्यावर बसला आहे ते तेव्हाच सांगितलं तर आयुष्यभर पुरेल, टाच टेकवली की पाय उचलून ब्रेकवर न्यायला तेवढा उशीर होतो.

तर साहेब माझी मागणी साधी आहे. तुमच्या पेपरात गाड्यांवर जो कोणी लिहितो त्याने गाडी शोरूमच्या गल्लीत नाही तर एक तास चालवावी, अर्धा तास सीताबर्डीच्या गर्दीत आणि अर्धा तास वर्धा रोडला, समृद्धी महामार्गावर तर आम्हा दुचाकीवाल्यांना बंदीच आहे म्हणून तिकडचं सोडा, आणि मग लिहावं की हँडल किती लांब आहे, पाच-दोनच्या माणसाला कसं आहे, सहा फुटीला कसं आहे, काय दुखलं, मागे बसणाऱ्याचं काय, लिव्हर आणि पेडल कुठपर्यंत सेट होतात. लेखकाची उंची पण लिहावी, नाहीतर वाचणाऱ्याला काय कळणार. आणि शोरूमवाल्यांना पण ह्या पत्राच्या निमित्ताने सांगा की टेस्ट राईड म्हणजे पेट्रोल वाचवायला दोनशे मीटरची चक्कर नको, निदान एक सिमेंट रोड आणि एक सिग्नल त्यात यायला पाहिजे, आणि ज्याच्या घरात डबलसीट जायचं आहे त्याने मागे बसणाऱ्यालाही सोबत आणावं. दसऱ्याच्या आधीच्या पुरवणीत छापलं तर जास्त बरं, कारण बुकिंग सगळं त्याच आठवड्यात होतं, नंतर छापून लोक वाचतील पण गाडी तर दारात आलेली असेल.

पत्र लांबलं, कापायचं तर मोबाईलवाल्याचा परिच्छेद कापा, मिस्त्रींचा ठेवा.

आपला रोजचा वाचक,
एक एमआर, मानेवाडा, नागपूर